इथलं तिकीट

खिडकीतला पोरगा सुलूच्या डोळ्यांकडे बघून म्हणाला,
फॉरेनर, साडेसहाशे.
माझे पन्नास त्यानं काही न विचारता घेतले.

सुलू म्हणजे सिउलिंग तॅम.
जन्म माझगाव, भंडारवाडा, साल पंचावन्न.
पर्स खिडकीत आपटून तिनं बाह्या सारल्या :
अरे बाबा, तुझा बाप लंगोटात होता ना,
तेव्हा मी नवाब टँकवर बायकांच्या भुवया कोरत होते.
रांग हसली.
पोरगा आधार कार्ड मागायला लागला.
माझं नव्हतं मागितलं.

आत गारठा. बॅलार्ड इस्टेटचं जुनं गोदाम,
त्यात काचेच्या कपाटांतून
मलाक्याचे, पेनांगचे संसार
तीन महिन्यांच्या मुक्कामाला उतरलेले.
गुलाबी-हिरव्या बरण्या, इतक्या भडक
की आपलं लोणचं लाजेल आत राहायला.
जाळीचे झंपर, बटणांच्या जागी
साखळीनं जोडलेल्या तीन पिना.
फोटोतली नवरी हसत नाही.
बारा दिवसांचं लग्न, डोक्यावर एवढं ओझं,
कोण हसेल?

पाटीवर लिहिलेलं :
चीनहून आलेले व्यापारी, तिथल्याच बायका,
मग पोरं, पोरांची पोरं.
पुरुष तो बाबा, बाई ती न्योन्या.
बाबा! सुलू खूश. बघ, आपलाच शब्द.

पुढे मण्यांच्या सपाता,
नवरीनं लग्नाआधी स्वतः भरायच्या.
म्हणजे रुखवतच की, मी म्हटलं.
माझ्या रुखवतातल्या मण्यांच्या मोराची मान
सुलूच्या आईनं ओवून दिली होती,
मला ती सारखी वाकडी व्हायची.
खाली नाव होतं, कासुत मानेक.
मानेक, माणिक, मणी...
तोंडात घोळवत राहिले.
सुलूनं चष्मा काचेला टेकवला :
तिसऱ्या ओळीत चुकलीय बया.
निळ्याच्या जागी हिरवा.
खरंच चुकली होती.

गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी
आपणहून समजावायला आली.
पेरानाकन म्हणजे, आजी, त्याच मातीत जन्मलेले.
तिकडच्या भाषेत त्याचा अजून एक अर्थ आहे, गर्भाशय.
माझं काढलं, सुलू म्हणाली,
एकोणनव्वदला, नायरमध्ये.
मुलीला कळेना हसावं की पाणी आणून द्यावं.

शेवटच्या दालनात नुसती एक भिंत होती.
कुणाचे तरी आजोबा, पणजोबा, खापरपणजी,
ओळीनं, फ्रेमांत, कुणालाही न घाबरता.
तिथे सुलू बोलायची थांबली.

बासष्टच्या नोव्हेंबरात तिच्या वडिलांना नेलं.
जेवायला येतो म्हणाले.
तिथून देवली, राजस्थान, तारेचं कुंपण.
दवाखान्यात पाण्याच्या ग्लासांत पाच कवळ्या राहिल्या.
ज्यांच्या त्या, ते बोळक्या तोंडानं
दारात येऊन विचारायचे,
तॅम डॉक्टर कधी येनार?
आणि घरातले सगळे फोटो
तिच्या आईनं एका रात्रीत स्टोव्हवर जाळले.
मागे चिनी अक्षरं होती ना.
वास आमच्या घरापर्यंत आला होता.
माझ्या आईनं तेव्हा खिडकी लावून घेतली.
हे मी सुलूला कधी सांगितलं नाही,
आणि ते तिला माहीत आहे.

किती वेळ उभ्या होतो कोण जाणे.
दिवे मालवायला माणूस आला.

बाहेर कठड्यावर बसून शेंगदाणे खाल्ले.
मला एक सांग, ती म्हणाली,
मी मलाक्याला गेले,
तर तिथल्या म्युझियममध्ये
कुठलं तिकीट लावतील मला?
मी सालं फुंकत राहिले.

टॅक्सीवाला माझगाव म्हटल्यावर मान हलवायला लागला.
सुलूनं त्याला एक शिवी घातली,
फक्त आमच्या भंडारवाड्यात मिळते तशी,
आई, मासळी आणि म्युनिसिपालिटी
तिन्ही एका दमात.
त्यानं मीटर पाडला.
बसा मावशी, म्हणाला,
मीपन तिथलाच.