चाळीस चौरस फूट

ऐरोली मागे पडली की रस्त्याच्या उजव्या अंगाला
घरं डोंगरावर चढायला लागतात.
इलठणपाड्याच्या पायथ्याशी रिक्षावाला म्हणाला,
"बाई, पुढं तुमचं तुम्ही."
पर्समध्ये टेप, फाइलमध्ये नमुना,
नमुन्यात अठ्ठावीस रकाने.

आशादीप प्राथमिक शाळा, पत्र्याची पाटी,
खाली बारीक अक्षरात: उपासना रविवारी सकाळी नऊ.
'मान्यता क्रमांक' लिहून रंगाऱ्यानं
पुढं एक लांब रेघ सोडलेली,
कधीतरी भरायची.

शमुवेल भिंगारदिवे: पाळक, मुख्याध्यापक,
आणि आज शिपाई आला नाही म्हणून घंटाही तेच.
मी विचारत गेले.
अग्निशामक? आहे. तारीख? गेल्या मार्चची.
रॅम्प? त्यांनी डोंगराकडे पाहिलं.
मैदान? परत डोंगराकडे.
मुलींचं स्वच्छतागृह? "ते मात्र बघाच."
पांढरं लख्ख, बादलीवर झाकण, आतून कडी शाबूत.
माझ्या केंद्रातल्या सात मान्यताप्राप्त शाळांत
अशी कडी एकीत आहे.
कडीला रकाना नाही.

टेपचं दुसरं टोक कोण धरतं?
सगळा वर्ग उठला. मी जवळची निवडली.
दुर्गव्वा विटकर, इयत्ता चौथी,
खदानीवरच्या माणसांची.
खदान बंद पडली, पण तिचा आजा म्हणे अजून
खडीचा ढीग बघून ब्रास सांगतो.

तेवीस. वीस.
मी मोबाइल काढेपर्यंत ती म्हणाली, "चारशे साठ."
आणि मी, सतरा वर्षं चौथीला गणित शिकवलेली,
जीभ आवरली नाही,
"आणि पाचशेला किती कमी?"
"चाळीस."
"शाब्बास," म्हणाले,
आणि तोच आकडा 'त्रुटी'खाली लिहायला घेतला.
त्रुटी म्हणजे यादी, यादी म्हणजे फाटकावर फ्लेक्स,
पालकांनी येथे प्रवेश घेऊ नये,
आणि ही पोर रोज सकाळी
कंटेनर चुकवत हायवेपलीकडच्या शाळेत.

ती माझ्या खांद्यावरून वाचत होती.
"बाई, ती पायरी नाही धरली तुम्ही."

फळ्याच्या मागे, भिंतीलगत, लादीची पायरी,
दोन फूट रुंद, वीस फूट लांब.
वर मेज, मेजावर क्रोशाचं कापड, लाकडी क्रूस,
आणि हॉर्लिक्सच्या बाटलीत अबोली.
वीस दुणे चाळीस.
पुरतात.

नमुन्यात वेदीचा रकाना नाही.
देवाची जागा वर्गात धरावी की वजा करावी
हे कुठल्याच परिपत्रकात नाही,
कुठल्याच देवाबद्दल नाही.
गेल्या वर्षी एका बड्या संस्थेचा आरतीचा हॉल
'बहुउद्देशीय सभागृह' म्हणून लिहून घेतला होता
मीच. सोबत चहा, खारे काजू.

पंचवीस गुणिले वीस. पेन उघडलं.
तेवढ्यात सर म्हणाले,
"ती नका मोजू, मॅडम.
सोमवार ते शनिवार आम्ही तिच्यावर पाय ठेवत नाही."

दुर्गव्वानं त्यांच्याकडे असं पाहिलं
जसं पोरं बघतात, बरोबर आलेल्या उत्तरावर
कुणी काट मारली की.

खाली उतरले तेव्हा टँकर आला होता,
हंड्यांमधून वाट काढत रस्त्याला लागले.
टेप नीट गुंडाळली गेली नव्हती,
पर्सच्या चेनमधून पिवळं टोक बाहेर.
आज मंगळवार. अहवाल शुक्रवारी.

चाळीस लिहिलाय,
पण पेन्सिलीनं.
नमुन्याच्या तळाशी ठळक छापलंय:
फक्त निळ्या शाईने भरावे.