दगड वर येतात

तिकडं ध्रुवाजवळ सहा आठवडे
मी गुडघ्यांवर बसून रोपं मोजली.
रात्री माती गोठते, फुगते,
बर्फाच्या सुया कोवळ्या रोपाला
मुळासकट उचलतात
आणि दुपारी सोडून देतात, आडवं.
गोट्यांची वर्तुळं होतात आपोआप.
मधे नुसता चिखल, उघडा;
शेवाळ, बोटभर वाळुंज, सगळं कडेकडेला.

सेलूला येऊन हे सांगितलं
तर गंगासागरकाकू म्हणाली, "मग त्यात काय?"
आणि माघातल्या उन्हात शाळूच्या वावरात घेऊन गेली.

भेगेत तिनं हात घातला, कोपरापर्यंत.
"हे बघ."
ताणून तुटलेलं मूळ,
दोन काठांना दोन टोकं,
मधे चार बोटं हवा.
"काळी आखडली की कुणाचं ऐकत नाही.
फुगली की पुन्हा सगळं खालीवर."
तिचं खुरपं असंच एका भेगेत गेलेलं.
सात पावसाळ्यांनी वर आलं
दुसऱ्याच तासात,
मूठ नव्हती.
दगडांचं तर विचारूच नको, म्हणाली,
दरसाली वेचते, दरसाली उगवतात,
पेरल्यागत.

मग माझी वही मागितली.
आकडे तिला वाचता येतात.
"चारशे बारा मेली. जगली किती?"
एकोणीस.
"कुठली?"
दगडाच्या आडोशाची.

काकू काही बोलली नाही.
बांधावर फेकायला उचललेला दगड
तिनं हातात थोडा वेळ तोलला,
मग खाली ठेवला,
होता तिथंच,
मातीचा ठसा बघून.