तक्रार: काही नाही

रात्री साडेअकराला शेवटचा पेशंट गेला,
गुडघा धरून, लंगडत.
मग मेरेआनाने डबा उघडला.
कापसात तर्जनीएवढा जबडा.
फॉर्मवर वय विचारतात. तिने लिहिलं: शंभरच्या पुढे, बहुधा.
नाव: तुआतारा.
तक्रार: काही नाही.

एवढ्याशा हाडासाठी अख्खं टेबल सरकलं
माणसाच्या मापाचं.
बाहेर डनेडिनचा वारा पार्किंगचे पत्रे वाजवत होता.
पडद्यावर काप येऊ लागले,
कांद्याच्या चकत्यांसारखे, राखाडी,
मग चकत्यांचा पुन्हा कांदा झाला
आणि मेरेआनाने तो माउसने फिरवला.

वर दातांच्या दोन ओळी, खाली एक.
खालची त्या दोहोंच्या फटीत बसते
आणि तोंड मिटल्यावर पुढे सरकते.
अडकित्ता नव्हे, करवत.
दात हाडातूनच आलेले, हाडाचेच झालेले.
पडत नाहीत, नवे येत नाहीत,
झिजतात.
याचे तर नुसते कंगोरे उरलेत.
"शेवटी गांडुळांवर भागवलं असेल बिचाऱ्याने," ती म्हणाली.
टोळ आहेत तर दात नाहीत.

फाइल लगेच पाठवली नाही.
आधी रुका आला, बेटावरच्यांच्या वतीने,
गमबूट न काढता.
छापलेला प्लास्टिकचा जबडा त्याने हातात तोलला.
"हाड बोटीतून नेलं तेव्हा कुणी विचारलं नाही.
आता हवेतून नेताय, तर विचारताय?"
"म्हणूनच विचारतोय," मेरेआना म्हणाली.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग त्याने स्वतःची कवळी काढली,
टेबलावर त्या जबड्याशेजारी ठेवली
आणि बोळक्या तोंडाने इतका हसला
की मला मशीन बंद आहे ना, ते पाहावं लागलं.

अट एकच घातली.
हाड घरी जाईल.
आकार जाऊ दे कुठेही,
पण बेटाचं नाव त्याच्या पुढे चालेल.

वाल्दिव्हियात एक आंधळी मुलगी
त्या छापलेल्या दातांवरून बोट फिरवते, म्हणे,
आणि पहिल्याच दिवशी तिने विचारलं,
ही मधली फट कुणासाठी?
लाइपझिगचे लोक नाव चुकीचं उच्चारतात.
पण उच्चारतात.

संग्रहालयाच्या खणात आता
कापसाला पडलेला खळगा आहे,
आणि जुनी चिठ्ठी, नेणाऱ्याच्या नावाची.

बेटाचं नाव मला माहीत आहे.
इथे लिहीत नाही.
कवितेसाठी मी रुकाला विचारलेलं नाही.