रोज बोटभर

परभणीच्या लॅबमधून शहनाजने पाठवली बाटली,
एसटीत, कंडक्टरच्या मांडीवर.
आत आमरीची सतरा रोपं, नखाएवढी.
डोंगरात हिची दोनच झाडं उरलीत म्हणे.
यांना अजून वारासुद्धा लागलेला नाही.

मी घड्याळजी. उदगीर, चौबाऱ्याजवळ.
केसाएवढी स्प्रिंग धरायचा चिमटा आहे माझ्याकडे,
त्यानेच काढली एकेक,
मुळांची जेली कोमट पाण्यात सोडवत,
डोळ्याला भिंग, श्वास आवरून.

कोळसा, विटेचे तुकडे, नारळाची शेंडी.
बोअरचं पाणी चालत नाही, क्षार.
मग समोरच्या एटीएमच्या एसीखाली कॅन लावला.
मे महिना. थेंब, थेंब,
लोकांनी पैसे मोजलेल्या गारव्यातून.

पहिल्याच आठवड्यात सहा गेली, काळी पडून.
शहनाज फोनवर म्हणाली, काका,
झाकण एकदम नसतं काढायचं,
रोज बोटभर.
हे मला कळायला हवं होतं.
बंद घड्याळ मी काय
काटा ढकलून चालू करतो?

फूल कधी, विचारलं.
पाच वर्षं. कदाचित सहा.

गिऱ्हाइकाला मी बिनदिक्कत सांगतो, गुरुवारी या.
अकरा रोपांपुढे
वार सांगायची हिंमत होत नाही.