दोन तास आधी फोन

नेस्कोवा नदीवरचा पूल मी उघडते.
म्हणजे उघडायचे.
आता दोन तास आधी फोन करावा लागतो,
आणि फोन कुणी करत नाही.
खोलीत एक हीटर, भरती-ओहोटीचं कोष्टक,
आणि वही: तारीख, वेळ, बोटीचं नाव.
मार्चपासून कोरी.

काल विल्मर बोलला, टगवाला.
उद्या सकाळच्या भरतीला, सहा-दहाला,
एक घर आणतोय.
काय आणतोयस?
घर गं. हिल्माचं. छपरासकट.

वर, तिसऱ्या वळणावर, कोब्स लँडिंग.
लाकडाची गिरणी बंद पडून एकवीस वर्षं झाली.
भुसा जाळायची भट्टी उभी आहे अजून,
गंजून लाल, आतून तीन आल्डर वर आलेत,
धुराच्या जागी पानं.
आधी शाळा गेली, मग पेट्रोल पंप, मग पोस्ट.
पोस्ट गेलं की गावाला
आपलं नाव आपणच सांगत बसावं लागतं.
(नदीचं नाव ज्यांनी ठेवलं
त्यांच्या गावांना तर पोस्ट कधी मिळालंच नाही.)
शेवटी उरली हिल्मा यार्वी, वय ब्याऐंशी,
आणि दर हिवाळ्यात
एकेक पायरी चढून दाराशी येणारी नदी.

मुलगा म्हणाला, ये माझ्याकडे, मुखाशी.
येते, म्हणाली. घर घेऊन येते.
तो हसला.
ती हसली नव्हती.

सकाळी धुकं इतकं
की पुलाला दुसरं टोक आहे
हे मानायचं म्हणून मानायचं.
आधी भोंगा आला. एक लांब, एक आखूड.
मी उत्तर दिलं. एक लांब, एक आखूड.
फाटकं पाडली. ऑयस्टरचा ट्रक थांबला,
शाळेची बस थांबली,
काचांना नाकं चिकटली.
कळ ओढली.
लोखंड कण्हलं, झोपेतून उठवलेल्या म्हाताऱ्यासारखं शिव्या देत,
आणि रस्ता उभा राहिला
पिवळी रेघ आभाळात घेऊन.

धुक्यातून आधी धुराडं.
मग शेवाळलेलं छप्पर, त्यावर
वीतभर हेमलॉकचं रोप,
कुणी न लावलेलं, आता प्रवासाला निघालेलं.
मग खिडक्या. पडदे तसेच.
कॅनरीच्या कुजक्या खांबांवरचे पाणकावळे
पंख वाळवत होते, ते तसेच राहिले,
अर्धे उघडे.

हिल्मा घरात नव्हती. परवानगी नाही तशी.
माझ्या खोलीत उभी होती, ओल्या कोटात,
माझाच मग हातात घेऊन.
ते बघ पोर्च, म्हणाली. दोन बोटांचं.
मला कळलं नाही.
आर्वोची दोन बोटं गेली करवतीखाली.
कंपनीने पैसे दिले. त्यातनं केलं.
तिसरं बोट गेलं असतं
तर वर एक खोली झाली असती.
आणि घोट घेतला.

घर मधोमध आलं.
दोन्ही बाजूंना हातभर पाणी.
विल्मरने टगचा वेग इतका कमी केला
की घर थांबलंय
आणि आम्हीच पुलासकट वर, जंगलाकडे
सरकतोय, असं वाटलं.
बसमधल्या एका पोराने हात हलवला.
घराला.

सहा सदतीसला फाटकं उघडली.
मी वही काढली. तारीख. वेळ.
बोटीचं नाव काय लिहू? विचारलं.
ती बराच वेळ कोष्टकाकडे बघत राहिली,
जणू तिथेच छापलेलं असणार.
मग म्हणाली, कोब्स लँडिंग.
स्पेलिंगही सांगितलं, एकेक अक्षर,
पोस्टाच्या खिडकीत उभं असल्यासारखं.

दुपारी विल्मर परत फोनवर.
सौनाची खोली राहिली म्हणे मागे,
तराफ्यावर मावली नाही,
आणि म्हातारी म्हणते त्याशिवाय ते घर नव्हे, खोकं आहे.
गुरुवारी भरती कधी?
सात पंचावन्न, मी म्हणाले.
आणि हे बघ, दोन तास आधी फोन कर.