चतकोर

रक्त द्यायचं म्हणून सकाळची गोळी थांबवलेली.
पद्मावतीहून रिक्षानं रास्ता पेठेत, सातच्या आत.
फडतरे काकांना त्याची शीर पाठ आहे.
"फुटबॉल काय म्हणतोय?" विचारतात,
आणि तो तोंड उघडेपर्यंत नळी भरलेली असते.

अकरा वर्षं मी गोळी चिरली
शिवणाच्या डब्यातल्या पात्यानं.
सकाळी अर्धी, दुपारी चतकोर, रात्री चतकोर.
ताप आला की दुप्पट.
उलटी थांबेना तर इंजेक्शन, मांडीत,
हात थरथरला तरी.

आठवड्यानं रिपोर्ट घेऊन गेलो.
पटवेकर मॅडमनी आडवं झोपवून रक्तदाब बघितला,
मग उभं करून.
आकड्यावर पेन टेकवलं, बोलल्या नाहीत.
"आई, तुम्ही जरा बाहेर बसता?"
सोळा वर्षांत पहिल्यांदा.

बाकावर बसून पर्समधली डबी उघडली.
दुपारच्या खणात एकोणीस तुकडे.
परवाच मोजले होते मी.
विचारलं नव्हतं.

तो आला, कान लाल.
"सांगितलं त्यांना," म्हणाला.
"ग्राउंडवर सगळ्यांसमोर डबी काढायची म्हणजे..."
पुढचं खाऱ्या दाण्यांच्या पुडीत गेलं.
मीठ त्याला लागतंच, जरा जास्त.

रात्री शिवणाचा डबा त्यानंच खाली काढला.
तुकडे वेडेवाकडे. एकाचा तर चुराच.
मी हात मागे बांधून उभी.
चुरा बोटानं टिपून त्यानं चाटला,
"कडूच असते ना ही," म्हणाला,
जणू मलाही ठाऊक असणार.

अकरा वर्षांत
मी एकदाही चाखली नव्हती.