पिवळे हात

मी पोचलो तेव्हा माणसं पांगली होती,
मंडपवाल्यानं खुर्च्याही नेल्या होत्या.
कसबा बावड्यातली दोन खोल्यांची जागा.
दारात हनोखचे बूट, फाउंड्रीच्या वाळूनं अर्धे भरलेले.

एस्तेरबाईंनी पोराचा मोबाईल माझ्या मांडीवर ठेवला.
"साहेब, वाचा की. सगळ्यांनी लिवलंय म्हंत्यात."

दोनशे चौदा.
मी वाचू लागलो, उपासनेत सूचना वाचतो त्या आवाजात.
भावपूर्ण श्रद्धांजली.
भावपूर्ण श्रद्धांजली.
लवकर गेलास भावा.
आर आय पी.
"म्हंजे?"
म्हणजे, शांतीनं निजो.
"मग तसं का लिवत न्हाईत?"
घाईत असतील.

एकानं स्वतःच्या नव्या गाडीचा फोटो टाकला होता,
खाली: मिस यू.
तो मी गाळला.
त्यांना कळलं. काही बोलल्या नाहीत.

"आनि हे पिवळं काय सारखं सारखं?"
जोडलेले हात.
"कुणाचं?"
ज्यानं त्यानं पाठवलेले.
त्यांनी काच डोळ्यांशी नेली.
"समदं एकासारखं. एकबी काळा न्हाई."

हनोखचे हात उद्यमनगरच्या भट्टीचे.
रविवारीसुद्धा नखांतली काजळी निघायची नाही,
म्हणून प्रभुभोजनाचा प्याला तो
दोन बोटांच्या टोकांनी धरायचा,
दुसऱ्याचा असल्यासारखा.

"हे कुणाचं, हे वरचं?"

मंगळवार, दहा वाजून चौदा मिनिटं.
त्या वेळी बावड्यात माती टाकली जात होती
आणि मी मिरजेला, सभेच्या चहाच्या सुट्टीत,
बिस्कीट डाव्या हातात धरून
उजव्या अंगठ्यानं
दोन हात जोडले होते.

माझे, म्हणालो.

"बरं झालं. तुमीबी आलासा म्हना की."
टोमणा नव्हता तो. तेच लागलं.
त्यांनी त्या हातांवरून बोट फिरवलं,
तान्ह्या पोराच्या गालावरून फिरवावं तसं,
जरा जास्त वेळ.

माझ्या खिशात फोन थरथरला.
हनोख आवळे यांना तुमची कमेंट आवडली.

प्रार्थनापुस्तकात प्रत्येक प्रसंगाला प्रार्थना आहे,
पीक आल्यावरची, प्रवासाला निघतानाची.
मी पानं उलटायचं नाटकही केलं नाही.

तेवढ्यात गल्लीत ओरड झाली, पाणी आलं.
त्या उठल्या, गुडघा धरून परत बसल्या.
मी बाह्या सरसावल्या.
नळाला प्लास्टिकची नळी लावली, ती निसटली,
पाळकाचा पांढरा शर्ट छातीपर्यंत भिजला.
मागचं पिंप, मोरीतल्या दोन घागरी, मग बादल्या.

"काठोकाठ भरू नगासा," आतून आवाज आला.
"त्योबी असाच सांडायचा."

चार्जरला लावलेला मोबाईल
अजून अधूनमधून उजळत होता.
आम्ही दोघांनी तो उजळू दिला.